वाचकांचे प्रश्न : नकोसे फोन आणि आपल्या नावावर दुसऱ्याचं कर्ज

या अंकासाठी मार्केटिंगचे फोन आणि ओळखीची चोरी या दोन्ही विषयांवरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. मूळ दोन्हींचं एकच आहे: आपला मोबाइल नंबर, आधार आणि पॅन आपण कुठे कुठे देऊन आलो आहोत, याचा हिशेब आपल्याकडे नसतो.

डीएनडी नोंदवून बराच काळ झाला. तरी दिवसातून चार-पाच फोन येतातच. डीएनडीला काही अर्थ आहे का? – एक वाचक, नाशिक

अर्थ आहे. पण डीएनडीमुळे (‘डू नॉट डिस्टर्ब’, म्हणजे जाहिराती नकोत अशी नोंदणी) काय थांबतं आणि काय थांबत नाही, हे आधी पाहायला हवं. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१८ च्या नियमांनुसार जाहिरातीसाठी फोन किंवा मेसेज करणाऱ्या कंपनीने टेलिकॉम कंपनीकडे नोंदणी करायची असते. तिचे जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच यायला हवेत. डीएनडी हीच वाट बंद करतं. तुमच्या फोनवर येणारे कॉल साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत असतील, तर ते करणारे नोंदणीच्या बाहेरचे आहेत. ते डीएनडीची यादी बघतच नाहीत. त्यांच्यावर एकच उपाय चालतो, तो म्हणजे तक्रार.

आणखी एक वाट उघडी राहते, ती संमतीची. एखाद्या अ‍ॅपवर किंवा फॉर्मवर ‘आम्ही व आमचे भागीदार आपल्याशी संपर्क साधू शकतात’ या ओळीपुढच्या चौकटीत तुम्ही टिक केली असेल, तर त्या कंपनीपुरतं डीएनडी निष्प्रभ ठरतं. नोंदणी असूनही फोन येण्याचं हे कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

आधी नोंदणी अजून चालू आहे का ते तपासा. इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘स्टार्ट’ लिहून, एक जागा सोडून शून्य टाका आणि तो मेसेज १९०९ वर पाठवा. सगळ्या प्रकारच्या जाहिराती बंद होतात. तुमच्या टेलिकॉम कंपनीच्या अ‍ॅपमध्येही ही सोय असते. बँकिंग, घरं-जमिनी, शिक्षण, आरोग्य असे वेगवेगळे प्रकार निवडून काही चालू ठेवता येतात, पण आमचा सल्ला सगळं बंद करण्याचा आहे. बँकेचे ओटीपी आणि व्यवहाराचे मेसेज डीएनडीने अडत नाहीत, त्यामुळे ती भीती नको.

आता तक्रारीबद्दल. फोन किंवा मेसेज आल्यापासून सात दिवसांच्या आत करा. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत तीन दिवसांची होती. मेसेजचा मजकूर किंवा फोनवर काय विकत होते ते एका ओळीत, ज्या नंबरवरून आला तो नंबर आणि तारीख एवढं लिहून १९०९ वर पाठवायचं. ट्रायच्या डीएनडी अ‍ॅपमधूनही तक्रार जाते. नोंदणी नसलेल्या माणसाविरुद्ध तक्रार करायला आता तुमचं स्वतःचं डीएनडी असणंही गरजेचं नाही.

एका तक्रारीने काय होणार, असं वाटून लोक सोडून देतात. तिथेच गाडं अडतं. एखाद्या नंबरविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी जमल्या की कारवाई सुरू होते. पहिल्यांदा त्याची आउटगोइंग सेवा पंधरा दिवस बंद होते. पुन्हा तेच केलं तर त्याच्या नावावरची सगळी कनेक्शन्स वर्षभरासाठी तोडली जातात. पाच हा आकडा लहान आहे. नुसतं ब्लॉक केलं तर त्रास फक्त तुमच्यापुरता थांबतो आणि तो नंबर पुढच्या माणसाला फोन लावायला मोकळा राहतो. म्हणून आधी तक्रार करा, मग ब्लॉक करा.

मेसेज खरा बँकेचा आहे की नाही, हे ओळखायची काही खूण आहे का? – एक वाचिका, कोल्हापूर

पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता डॅश आणि एक इंग्रजी अक्षर असतं. ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवेचा मेसेज, ‘टी’ म्हणजे व्यवहाराचा आणि ‘जी’ म्हणजे सरकारी. बँक, वीज, कुरिअर किंवा आरटीओच्या नावाने आलेला मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून असेल, तर त्यातल्या लिंकला हात लावू नका. बँकांनी सेवेसाठीचे आणि व्यवहाराचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून करायचे, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे.

या खुणा उपयोगाच्या आहेत, पण पूर्ण भरवशाच्या नाहीत, कारण नोंदणीकृत नावांचाही गैरवापर होतो. पैसे, ओटीपी किंवा अ‍ॅप उतरवून घेण्याचा विषय निघाला की फोन ठेवा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करा. ‘चलन’, ‘केवायसी’ किंवा ‘लग्नपत्रिका’ अशा नावाची एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये अ‍ॅप टाकणारी) व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर ती ओळखीच्या माणसाकडून आली असली तरी उघडू नका. ती एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि मग तुमचे ओटीपी परस्पर पुढे जात राहतात. ओळखीच्या माणसाचा फोनही आधी तसाच ताब्यात गेलेला असू शकतो.

फसवणुकीचा संशय असलेला फोन, एसएमएस किंवा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असेल तर तक्रार १९०९ वर नको. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर ‘चक्षू’ नावाची सोय आहे, तिथे तीस दिवसांच्या आत करा. १९०९ जाहिरातीसाठी आहे, चक्षू फसवणुकीच्या प्रयत्नासाठी. आणि पैसे प्रत्यक्षात गेले असतील तर या दोन्हींत वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

कर्ज किती मिळेल एवढंच एका अ‍ॅपवर पाहिलं, कर्ज घेतलं नाही. त्या दिवसापासून वेगवेगळ्या बँकांच्या नावाने फोन येतात. अ‍ॅप काढून टाकलं तरी थांबत नाहीत. – एक वाचक, पिंपरी

अ‍ॅप फोनमधून काढल्याने संमती मागे घेतली जात नाही. तुमचा नंबर त्यांच्या यादीत राहतोच, आणि ती यादी बँकांचे कमिशनवर काम करणारे एजंट वापरतात. म्हणून अ‍ॅप पुन्हा टाका, त्यात खातं बंद करण्याचा आणि माहिती पुसण्याचा पर्याय शोधून वापरा, आणि त्यानंतरच अ‍ॅप काढा. सोबत त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क ठळकपणे द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ईमेलमध्ये तीन गोष्टी लिहा: संपर्काची संमती मागे घेतो, माझी माहिती पुसावी, आणि माझा नंबर कोणाकोणाला दिला ते कळवावं.

वैयक्तिक विदेचा (डेटाचा) कायदा २०२३ चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य तरतुदी लागू होण्यासाठी त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणं सोपं असलं पाहिजे, असं हा कायदा म्हणतो. ईमेलमध्ये हे वाक्य जरूर घाला. लेखी मागणी हाताशी असली की पुढच्या तक्रारीला जोर येतो.

फोनवरच्या माणसाला रागावण्यापेक्षा ‘कोणत्या बँकेसाठी बोलताय?’ एवढं विचारा, उत्तर लिहून ठेवा आणि त्या बँकेच्या तक्रार विभागाला कळवा. आपल्या एजंटाच्या वागण्याची जबाबदारी बँकेला झटकता येत नाही.

पुढच्या वेळी कर्जाचं अ‍ॅप घ्याल तेव्हा ते कोणती परवानगी मागतं हे बघा. संपर्कयादी, कॉलची नोंद किंवा फोटोंचा साठा मागण्याचा अधिकार अशा अ‍ॅपला नाही. केवायसीपुरता कॅमेरा किंवा लोकेशन तेवढं तुमच्या संमतीने एकदा मागता येतं. संपर्कयादी मागणारं अ‍ॅप बदनामीच्या धमक्यांची तयारी करत असतं, असंच समजा. अधिकृत वित्तसंस्थांशी जोडलेल्या कर्ज-अ‍ॅपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे.

मैत्रिणीने कर्ज घेताना माझा नंबर दिला होता. आता वसुलीवाले मला फोन करतात. – एक वाचिका, अकोला

तुम्ही जामीनदार म्हणून सही केली नसेल तर तुमचा या कर्जाशी संबंध नाही. कर्जदाराचे नातेवाईक, मित्र किंवा संदर्भ म्हणून दिलेल्या व्यक्ती यांच्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ करायला रिझर्व्ह बँकेने वसुली एजंटांना मनाई केली आहे. खुद्द कर्जदारालाही सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करता येत नाही. कॉलच्या नोंदीचे स्क्रीनशॉट जोडून कर्ज देणाऱ्या संस्थेला लिहा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. ती मोफत आहे, वकील लागत नाही.

दुकानात बिल करताना मोबाइल नंबर सांगावाच लागतो का? – एक वाचक, ठाणे

नाही. नंबर दिल्याशिवाय माल देणार नाही असं विक्रेत्याने म्हणणं चूक आहे, हे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये स्पष्ट केलं. ‘नंबर नाही देणार, कागदी बिल द्या’ एवढं पुरतं. भिडेपोटी खोटा नंबर सांगू नका; तो कोणाचा तरी खरा नंबर असतो.

हॉटेल, भाड्याचं घर, नोकरी, सगळीकडे आधारची झेरॉक्स मागतात. द्यावी की नाही? – एक वाचिका, पुणे

पूर्ण नंबर दिसणारी झेरॉक्स देऊ नका. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या ‘माय आधार’ पोर्टलवरून ई-आधार उतरवताना ‘मास्क्ड’ आधारच्या चौकटीत टिक करा. त्या प्रतीवर नंबरचे शेवटचे चारच आकडे दिसतात. फाइल उघडण्याचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी मोठ्या लिपीत आणि त्यापुढे जन्मवर्ष. ओळख पटवायला ही प्रत पुरते, कारण तिच्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून खरं-खोटं तपासता येतं. जिथे आधार हाच पुरावा लागतो असं नाही, तिथे वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र पुढे करा.

कागद द्यायचाच असेल तर त्यावर आडवं लिहा: कशासाठी, कोणाला, कोणत्या तारखेला. उदाहरणार्थ, ‘फक्त भाडेकराराच्या पोलीस पडताळणीसाठी’ आणि तारीख. कोपऱ्यात लिहिलं तर कापून टाकता येतं. अक्षरं फोटोच्या कडेवरून आणि पत्त्यावरून गेली पाहिजेत, मात्र मजकूर वाचता आला पाहिजे. सही त्याच ओळीला लागून करा. एवढ्याने चोरी अशक्य होते असं नाही, पण तोच कागद दुसऱ्या कर्जाला किंवा सिमकार्डाला जोडला गेला तर तो तिथला नव्हता हे तुम्हाला सिद्ध करता येतं. पॅनच्या प्रतीवरही हेच करा. कर्जाच्या फसवणुकीत पॅनचं महत्त्व आधारइतकंच, किंबहुना जास्त आहे.

झेरॉक्सच्या दुकानात खरा धोका संगणकावर राहणाऱ्या फाइलचा असतो. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा दुकानाच्या ईमेलवर पाठवली की ती तिथेच पडून राहते. पेन ड्राइव्ह नेलेला बरा. तेही जमत नसेल तर छपाई झाल्यावर दुकानदारासमोरच ‘डाउनलोड्स’मधून आणि मग ‘रिसायकल बिन’मधून ती पुसायला लावा. संकोच करू नका.

गावाकडे आमच्या वडिलांच्या खात्यातून अंगठ्यावर पैसे निघाले. ना ओटीपी आला, ना त्यांनी कार्ड कोणाला दिलं. हे कसं होतं? – एक वाचक, परभणी

आधारवर चालणाऱ्या पेमेंट यंत्रणेत बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे निघतात. पिन नाही, ओटीपी नाही. गावात बँकेची शाखा नसलेल्यांसाठी ही सोय मोलाची आहे, आणि चोराला हवं तेही हेच असतं. जमीन खरेदी-विक्रीच्या दस्तावर अंगठ्याचे ठसे आणि आधार क्रमांक एकत्र मिळतात. असे ठसे उतरवून सिलिकॉनची नकली बोटं बनवल्याचे गुन्हे देशात वेगवेगळ्या ठिकाणी नोंदले गेले आहेत. दुसरी पद्धत आणखी साधी आहे. ‘अंगठा लागला नाही, पुन्हा लावा’ असं सांगून दोनदा व्यवहार केला जातो.

आधी पैशांचं बघा. वडिलांची यात काहीच चूक नाही. अशा व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य असते, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त दहा हजार रुपयांपर्यंतचा भार येऊ शकतो. शून्य शिलकीच्या मूलभूत बचत खात्याला पाच हजारांपर्यंत. त्याहून उशीर झाला तर बँकेच्या धोरणावर सोडावं लागतं. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते आणि नव्वद दिवसांत निकाल द्यायचा असतो. शाखेत तोंडी सांगून परत येऊ नका. लेखी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ घ्या.

त्याच दिवशी बायोमेट्रिक लॉक करा. ‘एम-आधार’ अ‍ॅपमध्ये किंवा ‘माय आधार’ पोर्टलवर आधारशी जोडलेल्या मोबाइलवरच्या ओटीपीने हे होतं. त्यानंतर कोणी ठसा लावला तर यंत्र ३३० क्रमांकाची चूक दाखवून नकार देतं. वडिलांना रेशनसाठी, नव्या सिमसाठी किंवा नोव्हेंबरात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी ठसा किंवा चेहरा लागेल, तेव्हा त्याच जागी थोड्या वेळापुरतं अनलॉक करायचं. ते नंतर आपोआप लॉक होतं. घरातल्या एखाद्याने हे शिकून ठेवावं. नाहीतर रेशन दुकानात अडून बसावं लागतं आणि मग वैतागून कायमचं अनलॉक केलं जातं.

या सगळ्यासाठी वडिलांचा चालू मोबाइल नंबर आधारला आणि बँकेला, दोन्हीकडे जोडलेला हवा. गावाकडच्या बऱ्याच प्रकरणांत तोच नसतो. पैसे गेल्याचा मेसेज कुठल्या तरी बंद पडलेल्या नंबरवर जातो आणि पासबुक भरायला गेल्यावर महिन्याने कळतं. वडिलांना अंगठ्याचे व्यवहार लागतच नसतील तर ते खात्यावर बंद करण्याबद्दल बँकेला लेखी विचारा.

‘माय आधार’ पोर्टलवर आधारच्या वापराचा इतिहासही दिसतो, गेल्या सहा महिन्यांतल्या पन्नास नोंदींपर्यंत. अनोळखी नोंद दिसली तर आधारच्या १९४७ या हेल्पलाइनवर कळवा.

घरकर्जासाठी अर्ज केला, तेव्हा सिबिल अहवालात मी कधीच न घेतलेलं एक छोटं कर्ज थकीत दिसलं. बँक म्हणते आधी ते भरून टाका. – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

भरू नका. पैसे भरणं म्हणजे कर्ज माझंच होतं असं कबूल करणं, असा अर्थ पुढे काढला जातो. तडजोड करून कमी रकमेत मिटवलं तर अहवालावर ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढचा प्रत्येक बँक अधिकारी त्याबद्दल विचारतो.

आधी ते खरंच चोरीचं आहे का, हे तपासा. खरेदीच्या किंवा पाकिटाच्या (वॉलेट) अ‍ॅपमध्ये ‘आता घ्या, नंतर पैसे द्या’ ही सोय एका टिकने चालू होते आणि ती वित्तसंस्थेच्या नावाने कर्ज म्हणून नोंदली जाते. कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव अ‍ॅपच्या नावापेक्षा वेगळं असल्यामुळे आपल्याला ओळख पटत नाही. नावसाधर्म्यातून किंवा पॅनचा एक आकडा चुकल्यामुळेही दुसऱ्याचं खातं आपल्या अहवालात येतं. अहवालातला खात्याचा पत्ता आणि मोबाइल नंबर बघितला की बहुतेक वेळा उलगडा होतो.

चोरीच असेल तर एकाच दिवशी तीन ठिकाणी लिहा. पहिलं, क्रेडिट माहिती कंपनीकडे (म्हणजे सिबिलसारख्या, कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडे) ऑनलाइन हरकत नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. ही कंपनी स्वतः नोंद बदलत नाही, कर्ज देणाऱ्या संस्थेला विचारते. म्हणून दुसरं पत्र थेट त्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला जायला हवं, आणि प्रकरण खरं तिथेच सुटतं. पत्रात नुसतं ‘हे माझं नाही’ एवढं लिहून थांबू नका, कागद मागा: कर्जाचा अर्ज, केवायसीचे कागद आणि फोटो, करारावरची सही किंवा ओटीपीची नोंद, ओटीपी कोणत्या नंबरवर गेला, आणि रक्कम कोणत्या बँक खात्यात जमा झाली. शेवटचे दोन मुद्दे निर्णायक असतात. तुमचा नसलेला नंबर आणि तुमचं नसलेलं खातं दाखवता आलं की संस्थेकडे फारसं उत्तर उरत नाही. तिसरं, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा आणि त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी चा उल्लेख करा. ओळखीच्या चोरीसाठी हे कलम आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. या तक्रारीची पोच वरच्या दोन्ही पत्रांना जोडा.

निकालाला तीस दिवस आहेत. त्यातल्या एकवीस दिवसांत कर्ज देणाऱ्या संस्थेने दुरुस्ती कळवायची असते. तीस दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. ती मागितल्याशिवाय बसू नका. रक्कम लहान असली तरी त्या मागणीने फाइल हलते. त्यानंतर लोकपाल आहेच. क्रेडिट माहिती कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत.

घरकर्ज देणाऱ्या बँकेला या सगळ्याच्या प्रती द्या आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत अर्ज फेटाळू नये असं लेखी कळवा. बँक ऐकेलच असं नाही, पण हातात कागद असलेल्या अर्जदाराशी ती वेगळं बोलते.

बाकीच्या वाचकांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. देशात क्रेडिट माहिती कंपन्या चार आहेत: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून दर कॅलेंडर वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. चारही एकाच दिवशी काढण्याऐवजी दर तीन महिन्यांनी एक काढा, म्हणजे वर्षभर लक्ष राहतं. मोफत पर्याय संकेतस्थळावर खाली कुठेतरी असतो आणि वर पैशांच्या योजना असतात, एवढं लक्षात ठेवा. अहवालात कर्जांच्या यादीआधी ‘चौकशा’ बघा. तुमच्या पॅनवर कोणी कर्ज मागितलं की आधी तिथे नोंद येते आणि कर्ज नंतर दिसतं. अहवाल कोणी पाहिला की एसएमएस किंवा ईमेल पाठवणंही या कंपन्यांना बंधनकारक आहे. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका.

न मागता क्रेडिट कार्ड घरी आलं. वापरलं नाही, तरी बिल आलं. – एक वाचिका, सोलापूर

न मागता कार्ड देण्यावर रिझर्व्ह बँकेची बंदी आहे. असं कार्ड देऊन त्यावर आकार लावला तर बँकेने तो मागे घ्यायचा आणि त्या रकमेच्या दुप्पट दंड तुम्हाला द्यायचा, असा नियम आहे. कार्ड चालू करण्याचा ओटीपी कोणालाही सांगू नका, ‘कार्ड बंद करण्यासाठी हवा’ असं सांगितलं तरीही.

माझ्या नावावर दुसऱ्या कोणी सिम घेतलं आहे का, कसं कळेल? – एक वाचक, जळगाव

संचार साथीवर ‘तुमच्या नावावरची मोबाइल कनेक्शन्स’ या भागात तुमचा नंबर आणि ओटीपी टाका. यादी येते. ओळखीचा नसलेल्या नंबरपुढे ‘हा माझा नंबर नाही’ निवडा आणि तक्रार क्रमांक घ्या. जुनं, पण तुमचंच कनेक्शन असेल तर ‘गरज नाही’ निवडा. यांत गल्लत करू नका. मुलाला किंवा आईला घेऊन दिलेला नंबर ‘माझा नाही’ म्हणून कळवला तर तो बंद पडतो. एका व्यक्तीच्या नावावर महाराष्ट्रात नऊ कनेक्शन्सची मर्यादा आहे. तुमच्या नावावरच्या सिमवरून गुन्हा घडला तर पोलीस आधी तुमच्या दारात येतात, म्हणून वर्षातून दोनदा तरी हे पाहावं.

मोबाइलचं नेटवर्क अचानक गेलं आणि दोन तासांनी खात्यातून पैसे गेले. – एक वाचक, नागपूर

तुमच्या नंबरचं दुसरं सिम कोणीतरी काढून घेतलं असण्याची शक्यता मोठी आहे. शेजारच्या माणसाला त्याच कंपनीचं नेटवर्क असेल आणि तुम्हाला नसेल, तर वाट बघू नका. दुसऱ्या फोनवरून टेलिकॉम कंपनीला आणि बँकेला कळवा, आणि १९३० वर फोन करा. नवं सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवायचे, असा दूरसंचार विभागाचा आदेश आहे, त्यामुळे लवकर लक्षात आलं तर ओटीपी चोराच्या हाती लागण्याआधी सिम बंद करता येतं.

१९३० वर बोलताना खाते क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ, व्यवहाराचा क्रमांक आणि पैसे ज्या खात्यात किंवा यूपीआय आयडीवर गेले तो, एवढं हाताशी ठेवा. चोर रक्कम लगेच तुकडे करून अनेक खात्यांत फिरवतो. साखळीतल्या पुढच्या बँकेपर्यंत सूचना रकमेच्या आधी पोचली तरच पैसे गोठतात. म्हणून आधी फोन, मग पोर्टलवरची सविस्तर तक्रार, आणि पोलीस ठाणं त्यानंतर.

नेटवर्क चालू असूनही फोन करून सांगितले जाणारे ओटीपी चोराकडे जातात, त्याचं एक कारण कॉल फॉरवर्डिंग (तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवणं) आहे. *#२१# डायल केलं की फॉरवर्डिंग चालू आहे का ते दिसतं, ##००२# ने सगळं बंद होतं. ‘पार्सल आलंय, हा कोड डायल करा’ असं सांगणारा फोन याचसाठी असतो.

पॅनवर कोणीतरी कंपनी काढली असावी. आयकर खात्याची नोटीस आली आहे. – एक वाचक, सातारा

नोटीस खरी आहे का ते आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर तिच्या क्रमांकावरून तपासा. मग तिथेच वार्षिक माहिती विवरण उघडा. तुमच्या पॅनवर नोंदलेले व्यवहार त्यात दिसतात आणि प्रत्येक नोंदीपुढे ‘ही माहिती माझ्याशी संबंधित नाही’ असं कळवता येतं. जीएसटीच्या पोर्टलवर करदाता शोधण्याच्या भागात ‘पॅनने शोधा’ हा पर्याय आहे. तुमच्या पॅनवर कोणत्या राज्यात नोंदणी आहे ते लगेच समजतं. परक्या राज्यातली नोंदणी दिसली तर जीएसटीकडे आणि सायबर पोर्टलवर तक्रार करा, आणि नोटिशीला मुदतीत उत्तर द्या. उत्तराविना गेलेल्या नोटिशीवर एकतर्फी आकारणी होते, आणि ती उठवणं चोरी सिद्ध करण्यापेक्षा अवघड जातं.

ईमेलवरच्या जाहिरातींत ‘अनसबस्क्राइब’ दाबलं की मेल आणखी वाढतात, हे खरं का? – एक वाचिका, रत्नागिरी

ओळखीच्या कंपनीच्या मेलला दाबा. मेल वाढत नाहीत. पूर्ण अनोळखी मेलला दाबू नका. तिथे दाबल्याने तुमचा पत्ता चालू आहे एवढंच त्यांना कळतं. तो ‘स्पॅम’मध्ये टाका.

जुना नंबर सोडून नवा घेतला. जुन्याचं काही करायला हवं का? – एक वाचक, लातूर

बंद झालेला नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि मग तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातात. म्हणून जुनं सिम चालू असतानाच नवा नंबर आधी आधारला जोडा, कारण बाकी बरीच कामं आधारच्या ओटीपीवर अडतात. त्यानंतर बँका, पॅन, भविष्यनिर्वाह निधी, डीमॅट, विमा, गॅस आणि ईमेलचा पर्यायी नंबर बदला. जुन्या नंबरवरचं व्हॉट्सअ‍ॅप ‘नंबर बदला’ या पर्यायाने हलवा. गेल्या वर्षभरात जुन्या नंबरवर आलेले एसएमएस वरून खाली चाळले की विसरलेली खाती सापडतात. ती यादी संपेपर्यंत जुन्या सिमचं रिचार्ज चालू ठेवा.